जीवाचं नगर

तंजावरच्या भोसल्यांच्या दरबारात अठराव्या शतकाच्या सुरुवातीला एक संस्कृत नाटक लिहिलं गेलं. त्यात क्षयरोग फौज घेऊन एका नगरावर चालून येतो. यक्ष्मा हे त्याचं नाव, पांडुरोग त्याचा मंत्री, आणि मागे रोगांची मोठी पलटण. नगर म्हणजे माणसाचं शरीर. आत राज्य करणाऱ्या राजाचं नाव जीव, राणीचं नाव बुद्धी. सात अंक हा वेढा चालतो. नाटकाचं नाव 'जीवानंदन', नाटककार आनंदराय मखी. शहाजी, पहिले सरफोजी आणि तुकोजी या तीन राजांच्या काळात तो या दरबारात मंत्री होता.

या नाटकाकडे मी वळलो तो नाट्यप्रेमामुळे नव्हे. पोथ्या आणि मोडी कागद वाचत खुर्चीत बसण्याचा माझा धंदा. पन्नाशीनंतर पाठीने त्याची किंमत मागायला सुरुवात केली. व्यायामतज्ज्ञांनी रोज सकाळी करायचे काही ताण आणि चार आसनं सांगितली. ती मी करतो, आणि बरं वाटतं. पण त्यांच्याबरोबर नेहमी येणारं एक वाक्य मला खटकत राहिलं: आपल्या पूर्वजांनी हजारो वर्षांपूर्वी आरोग्यासाठी हे शोधून ठेवलं. दरवर्षी २१ जूनला तर हे वाक्य कानी पडल्याशिवाय राहत नाही. तंजावर हे असं गाव आहे, की जिथे अशा वाक्याची परीक्षा घेता येते. इथे हजार वर्षांपूर्वीचं दगडातलं शरीर आहे, ताडपत्रांवरचं शरीर आहे, आणि एकोणिसाव्या शतकात कागदावर टिपलेलं रुग्णाचं शरीरही आहे. पूर्वजांना शरीराबद्दल नेमकं काय वाटत होतं, हे त्यांनाच विचारावं म्हणून मी शोधू लागलो.

सुरुवात मोठ्या देवळापासून करायला हवी. राजराज चोळाने बांधलेलं बृहदीश्वराचं मंदिर १०१० मध्ये पूर्ण झालं. त्याच्या विमानाच्या वरच्या मजल्यावर, गर्भगृहाभोवतीच्या फेरीमार्गात, नाट्यशास्त्रातल्या करणांची शिल्पं आहेत. नाचणारा स्वतः शिव आहे, चार हातांचा. नाट्यशास्त्राच्या चौथ्या अध्यायात १०८ करणं सांगितली आहेत. इथे ८१ कोरलेली आहेत आणि पुढचे दगड नुसतेच घडवून ठेवलेले आहेत. काम का थांबलं, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. त्या मजल्यावर सहसा कुणाला जाऊ देत नाहीत, त्यामुळे बहुतेकांप्रमाणे मीही ही शिल्पं छायाचित्रांतच पाहिली. कंबरेतून पिळलेलं धड, डोक्याच्या मागे गेलेला पाय, जमिनीला टेकू पाहणारी पाठ. पाहणारा पटकन म्हणतो, ही तर योगासनं!

ती योगासनं नाहीत. करण म्हणजे ठरलेली बैठक नव्हे. हात, पाय आणि धड यांची मिळून होणारी एक हालचाल. शिल्पकाराने त्या हालचालीतला एक क्षण पकडला आहे. तिचा हेतू रस आहे, आरोग्य नव्हे. पण त्या शिल्पांतून एक गोष्ट नि:संशय कळते. शरीर किती वाकू शकतं, कुठल्या क्रमाने तयार करावं लागतं आणि रोज घोटवल्याशिवाय ते ऐकत नाही, हे कावेरीकाठी हजार वर्षांपूर्वी पक्कं ठाऊक होतं. ही विद्या वैद्याच्या घरी नव्हती, नाचणाऱ्यांच्या घरी होती. पुढे दुसऱ्या सरफोजींच्या दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांनी नृत्यशिक्षणाची जी मांडणी केली, ती आजच्या भरतनाट्यमच्या शिकवणीत टिकून आहे. गुडघे बाहेर वळवून अर्धं बसायचं आणि त्याच बैठकीत अडवू घोटायचे, महिनोन्‌महिने. त्याच दरबारात 'कोरव्यांचे साहित्याचे जिन्नस' या नावाने नृत्याच्या मराठी रचना तयार झाल्या. नाचाच्या एकेका भागाला 'जिन्नस' म्हणणारी ही मराठी मला फार आवडते. वाण्याच्या दुकानातला शब्द तिने रंगमंचावर नेऊन बसवला. पण या सगळ्यात 'यामुळे प्रकृती चांगली राहते' असं सांगायची कुणाला गरज वाटलेली दिसत नाही.

मग योग कुठे होता? तोही जवळच होता. जुन्या तंजावर जिल्ह्यातलं तिरुवावडुदुरै हे गाव तिरुमूलरांचं मानलं जातं. 'तिरुमंदिरम्' हा त्यांचा ग्रंथ तमिळ शैवांच्या बारा तिरुमुरैंपैकी दहावा. त्यात आसन आहे, प्राणायाम आहे, आणि शरीराविषयीचा एक विचार आहे, जो तमिळ घरांत आजही सांगितला जातो. पूर्वी मी देहाला हीन समजत होतो, मग त्याच्या आत परमेश्वराचं घर दिसलं, आता मी देह जपतो, असा त्याचा आशय. मराठी वाचकाला इथे ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय आठवेल. कुंडलिनी जागी झाल्यावर देहाचं काय होतं, याचं वर्णन ज्ञानदेवांनी तिथे केलं आहे. दोन्हीकडे देह त्याज्य नाही. पण दोन्हीकडे देह जपायचा तो दुसऱ्या कशासाठी तरी. घर झाडायचं, कारण पाहुणा येणार आहे.

हठयोगाच्या ग्रंथांनी आरोग्याचं नाव घेतलंच नाही, असंही नाही. पंधराव्या शतकातली 'हठप्रदीपिका' स्पष्ट सांगते, की आसनाने स्थैर्य येतं, आरोग्य मिळतं, अंग हलकं होतं. मत्स्येंद्रासनाने जठराग्नी प्रदीप्त होतो, असंही ती म्हणते. तेव्हा 'आरोग्यासाठी योग' ही सगळी आधुनिक बनावट आहे, हा उलटा दावाही टिकत नाही. फक्त जागा पाहायला हवी. आसन तिथे पहिली पायरी आहे, पहिल्या प्रकरणात पंधरा आसनांत ते आवरलेलं आहे, आणि पुढचा सगळा ग्रंथ श्वास, मुद्रा आणि नाद यांचा आहे. आरोग्य हा तिथे वाटेतला मुक्काम.

आता पुन्हा जीवानंदनाकडे येऊ, कारण या प्रश्नाचं सगळ्यांत प्रामाणिक उत्तर मला तिथे मिळालं.

ज्या गावात हे नाटक लिहिलं गेलं, त्या गावाला वेढा ही नुसती उपमा नव्हती. एकोजींनी १६७० च्या दशकात तंजावर घेतलं. त्यांचा मुलगा शहाजी १६८४ मध्ये गादीवर आला. लवकरच मोगल सरदार जुल्फिकार खान जिंजीला वेढा घालून बसला, वर्षानुवर्षं बसला, आणि १६९४ मध्ये तंजावरलाही त्याच्यापुढे नमून खंडणी कबूल करावी लागली. दुसरीकडे मदुरा, रामनाथपुरम यांच्याशी सतत कुरबुरी. आणि याच शहाजीने पाच भाषांत बोलणारं 'पंचभाषाविलास' हे नाटक रचलं. संस्कृत, तेलुगू, तमिळ, मराठी आणि हिंदी एकाच रंगमंचावर! अशा दरबारातल्या मंत्र्याने लिहिताना राज्यकारभाराची भाषा शरीराला लावली, यात नवल नाही. रसद, हेर, तटबंदी, फितुरी हे त्याचे रोजचे शब्द असणार.

नाटकात जीवराजाला दोन मंत्री आहेत. एक विज्ञानशर्मा, दुसरा ज्ञानशर्मा. विज्ञानशर्म्याचं म्हणणं, आधी नगर वाचवा. रोगांचा पाडाव होईपर्यंत दुसरं काही मनात आणू नका. ज्ञानशर्म्याचं म्हणणं, नगर आज ना उद्या पडणारच. त्यात जीव कशाला गुंतवता, मोक्षाचं बघा. राजा दोघांच्या मध्ये हेलकावतो. मला वाटतं, साठीकडे झुकलेल्या कुठल्याही माणसाला हे दोन मंत्री ओळखीचे वाटतील. एक म्हणतो, साखर तपासून घे. दुसरा म्हणतो, किती दिवस तपासणार आहेस?

जीवाच्या बाजूने लढतात ती औषधं. पारा आणि गंधक यांची सिद्ध रसायनं हे त्यातलं मुख्य बळ, आणि ते मिळवण्यासाठी राजा-राणीला शिवपार्वतीची आराधना करावी लागते. श्रद्धा, भक्ती, स्मृती यांची साथ लागते. योगाच्या आठ अंगांपैकी सहावं अंग असलेली धारणाही इथे जीवाच्या पक्षातलं एक पात्र आहे. पण तटावर उभी असलेली फौज आसनांची नाही. शेवटी शिवपार्वती प्रकट होतात, रोग नामशेष होतात, आणि मग निरोगी जीवाला योगसिद्धीचा लाभ होतो. त्याच वेळी ज्ञानशर्म्यालाही विज्ञानशर्म्याइतकाच मान द्यायला राजाला सांगितलं जातं.

हा क्रम मी पुन:पुन्हा तपासला. आज आपण म्हणतो, योग कर म्हणजे आरोग्य मिळेल. आनंदराय म्हणतो, आरोग्य मिळव म्हणजे योग करता येईल. आपल्यासाठी योग साधन आणि आरोग्य साध्य. त्याच्यासाठी नेमकं उलट.

रोजच्या आरोग्यासाठी त्या काळचे तंजावरकर काय करत होते, याचं उत्तर बहुधा ताटात सापडतं. एकोजींची राणी दीपाबाई हिचा आश्रय लाभलेला रघुनाथ गणेश नवहस्त हा समर्थ रामदासांच्या परिचयातला. त्याने 'भोजनकुतूहल' नावाचा ग्रंथ रचला. धान्यं, डाळी, भाज्या, पक्वान्नं, त्यांचे गुणदोष, काय केव्हा खावं याची ती बारीक नोंद. पुण्याच्या परशुराम कृष्ण गोडे यांनी या विस्मृतीत गेलेल्या ग्रंथकाराचा माग काढला. पथ्य हा त्या काळचा खरा व्यायाम होता, असं हा ग्रंथ चाळताना वाटतं.

शंभर वर्षांनी चित्र बदलतं. दुसरे सरफोजी १७९८ मध्ये गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी कंपनीशी झालेल्या तहाने राज्य गेलं. हाती राहिला किल्ला, आसपासची थोडी जागा आणि तनखा. आनंदरायाच्या नाटकातली उपमा इथे खरी झाली, पण उलट्या अंगाने: नगर उरलं, राज्य नाही. राज्य करायला काही नसलेल्या या राजाने मग पुस्तकं आणि शरीरं यांच्याकडे लक्ष वळवलं. सरस्वती महाल ग्रंथालयात आज तीन हजारांहून अधिक मराठी हस्तलिखितं आहेत, ती मोठ्या प्रमाणात याच आस्थेमुळे. आणि धन्वंतरी महाल ही त्याची वैद्यकीय संस्था. तिथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि युरोपीय वैद्यक जाणणारे एकत्र काम करत. अनुभवाला उतरलेले औषधांचे पाठ तमिळ पद्यात बांधले गेले. 'शरभेंद्र वैद्य मुरैगळ' या नावाने ते पुढे छापले गेले. डोळ्यांच्या रुग्णांची तर स्वतंत्र टिपणं आहेत: रुग्ण कोण, तक्रार काय, उपचार काय केला, पुढे काय झालं, सोबत रोगट डोळ्यांची रंगीत चित्रं.

ही टिपणं मला त्या देवळाइतकीच भव्य वाटतात. 'शास्त्रात सांगितलं आहे' इथून 'या माणसाला गुण आला का' इथपर्यंतचा प्रवास त्या कागदांवर झाला आहे. जुनं आहे म्हणून खरं, असं तिथे कुणी म्हणत नाही. परकं आहे म्हणून खोटं, असंही नाही.

आसनं आणि आरोग्य यांची आजची गाठ मात्र तंजावरात बांधली गेली नाही. तिचे धागे पुणे, म्हैसूर, औंध आणि लोणावळा असे पसरले आहेत, आणि त्यांतले बरेचसे मराठी मुलखातून जातात. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात 'हठाभ्यासपद्धती' नावाची एक पोथी आहे. कापालकुरंटक हा तिचा कर्ता, काळ बहुधा अठरावं शतक, स्थळ बहुधा महाराष्ट्र. तिच्यात शंभराहून अधिक आसनं आहेत. काही भिंतीच्या आधाराने, काही दोराला लटकून, काही पुन:पुन्हा करायची, अगदी जोर-बैठकांसारखी. आसनं कशासाठी, तर शरीर दृढ व्हावं म्हणून. सरफोजींचे समकालीन असलेले म्हैसूरचे मुम्मडी कृष्णराज वडेयर यांच्या 'श्रीतत्त्वनिधी'त १२२ आसनांची चित्रं आहेत, आणि त्यांच्यामागे हीच पोथी असल्याचं संशोधकांनी दाखवून दिलं आहे. त्याच म्हैसूरच्या राजवाड्यात १९३० च्या दशकात तिरुमलै कृष्णमाचार्य योग शिकवत होते. त्यांचे शिष्य बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्याला आले आणि पुणेकर झाले; दोर आणि पट्टे घेऊन आसनं करवण्याची त्यांची रीत तिथून जगभर गेली. एकोजींबरोबर मराठी माणसं कावेरीकाठी गेली होती. अडीचशे वर्षांनी दक्षिणेतला हा माणूस मुठेकाठी आला.

दरम्यान औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कार शाळांमध्ये नेत होते. आणि जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं. बडोद्याच्या माणिकरावांच्या आखाड्यात ते घडले होते. त्याच वर्षी त्यांनी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक काढलं आणि योगक्रिया करणाऱ्याच्या पोटात काय घडतं, ते क्ष-किरणांनी व दाबमापकाने पाहायला सुरुवात केली. सरफोजींच्या टिपणांशी त्यांचा काही संबंध होता, असं मी म्हणत नाही. पण प्रश्न तोच आहे: गुण येतो का?

त्या प्रश्नाचं आजचं उत्तर काय? दीर्घकाळच्या कंबरदुखीवर योगाचे जे काळजीपूर्वक प्रयोग झाले, त्यांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधकांच्या संस्थेने प्रसिद्ध केला. काहीच व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा योग करणाऱ्यांची हालचाल थोडी ते मध्यम प्रमाणात सुधारते, असं त्यात दिसलं. पाठीच्या इतर व्यायामांपेक्षा तो सरस आहे, असं मात्र ठामपणे दिसलं नाही. नुसत्या ताणाबद्दल बोलायचं, तर व्यायामाच्या आधी किंवा नंतर स्नायू ताणल्याने दुसऱ्या दिवशीचं अंग दुखणं जवळजवळ कमी होत नाही. काही आठवडे रोज ताण दिल्यावर आपण जास्त वाकू लागतो हे खरं, पण तेवढ्यात स्नायू लांब होत नाही. ताण सोसण्याची सवय वाढते, मज्जासंस्था थोडी उशिरा 'पुरे' म्हणते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगते, आणि पासष्टीनंतर आठवड्यातून तीनदा तोल व ताकद यांचा सराव. एका पायावर वृक्षासनात उभं राहणाऱ्या आजीचा त्यात नक्कीच फायदा आहे. पण चमत्कार कुठेच नाही.

मला हे उत्तर निराश करत नाही. उलट, सकाळचे ताण मी आता अधिक मोकळ्या मनाने करतो. माझ्या हातून पाच हजार वर्षांची परंपरा चालली आहे, हे ओझं नाही. काही थोडं सैल होतं, चालणं सोपं जातं, खुर्चीत दोन तास जास्त बसता येतं. विज्ञानशर्म्याचं काम एवढंच असतं, आणि ते रोज करावं लागतं, कारण वेढा उठत नाही.

खटकतं ते एवढंच, की आपण दुसऱ्या मंत्र्याला कामावरून काढून टाकलं. योग आरोग्यासाठी, आरोग्य कामासाठी, आणि काम? त्यापुढे कुणी विचारत नाही. तिरुमूलरांच्या घराला पाहुणा होता, आनंदरायाच्या नगराला राजा होता. आपण तट उत्तम राखतो, पावलं मोजतो, साखर मोजतो, आणि वाचवलेलं नगर कशासाठी, हे विचारायचं विसरतो. आनंदराय स्वतः मंत्री होता. कुठला मंत्री केव्हा ऐकावा, हे त्याला अनुभवाने माहीत असणार. म्हणून त्याने शेवटी एकाला जिंकवलं नाही. नगर सांभाळणारा आणि नगर सोडून जायची आठवण देणारा, दोघांनाही त्याने राजाच्या शेजारी बसवलं.